हमीपत्रात माझी आई

"हात पुढं कर."

साहेब खुर्चीतून उठलेही नाहीत. मी हात पुढं केले. दोन्ही. शाळेत छडी खायला करतात तसे.

"मॅडम, वास घ्या हिच्या हाताचा."

एच.आर.च्या मॅडम नवीन होत्या. त्या वाकल्या. खरंच वाकल्या. माझ्या बोटांपाशी नाक आणलं आणि मागं सरकल्या. हाताला साबणाचा वास होता. पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. 

इंदापूरजवळच्या एका दूध प्लांटच्या प्रयोगशाळेत मी कामाला. साहेब तिथले मॅनेजर. बी.एस्सी. झालेली. आलेल्या दुधाची फॅट तपासायची, भेसळ तपासायची. आम्ही पळसदेवचे, भोई. वडील उजनी धरणात जाळं टाकतात, आई सोलापूर रोडच्या कडेला मासे विकते. रविवारी मला सुट्टी असते. मी तिच्याशेजारी बसते. लहानपणापासून बसते.

आदल्या रविवारी तिथं साहेबांची गाडी थांबली. काचा वर, आत बायको-मुलं. साहेब उतरले. मीच नमस्कार केला. त्यांनी मोठा कटला निवडला. ताजा आहे का म्हणून आईला कल्ले उघडून दाखवायला लावले. खवले काढून, तुकडे करून घेतले. जाताना मोबाइलवर आमचा फोटो काढला. आईला वाटलं, गिऱ्हाईक खूश झालं.

तो फोटो आता टेबलावर होता. छापून आणलेला.

"नोकरी करताना दुसरा धंदा चालत नाही. करारात लिहिलंय. सही केलीस ना?"

"केली."

"दुधाच्या प्लांटमध्ये मासेवाली. लोकांना कळलं तर दूध पितील का आपलं?" मग हसले. "एवढं शिकलीस आणि शेवटी बसलीस माशांच्या पाटीवरच."

तो कटला ह्यांच्याच पोटात गेलाय, हे मला तेव्हा सुचलं नाही. मान खाली गेली. "चुकलं साहेब," असं मी म्हणाले. मीच म्हणाले. ते दोन शब्द अजून टोचतात.

साहेबांनी एक हमीपत्र पुढं सरकवलं. 'मी, माझी आई अथवा कुटुंबातील कोणीही यापुढे मासेविक्री करणार नाही.' उद्या सही करून आण, म्हणाले.

घरी आई विळी घासत होती. तिला सांगितलं.

"कर की सही, बाय. तू नगं येत जाऊ रविवारी. मी बसंन एकटी."

तिला वाटलं, कागद फक्त माझा आहे. मग मी तो वाचून दाखवला. 'माझी आई' आलं, तसा तिचा हात थांबला.

"म्हंजी मी बी त्यांच्या चाकरीला हाय व्हय?"

"न्हाय."

"मग मला कसं काय सांगत्यात? मला कवा ठिवलं नोकरीला?"

रागानं नव्हती विचारत. खरंच विचारत होती.  केबिनमध्ये मला आईची लाज वाटली होती. आता आईसमोर माझी मलाच वाटली.

कराराची प्रत काढली. सगळी इंग्रजीत. रुजू झाले त्या दिवशी न वाचता पानोपानी सह्या केल्या होत्या. आता शब्द न् शब्द वाचला, अडलं तिथं मोबाइलवर अर्थ बघितला. कामाच्या वेळेत दुसरं काम करायचं नाही. कंपनी जो व्यवसाय करते, त्याच व्यवसायात लेखी परवानगीशिवाय आपला धंदा करायचा नाही. एवढंच होतं. मासे नव्हते. रविवार नव्हता. आई तर कुठंच नव्हती.

आणि प्लांटला दूध आणणारे दोन टँकर साहेबांच्या बायकोच्या नावावर. हे वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले. मॅडमही तिथंच होत्या, काहीतरी लिहीत.

"सही?"

"करणार न्हाय."

प्लांटमध्ये मी कायम जपून बोलायची, आहे, नाही. त्या दिवशी घरची बोली तोंडात आली आणि मी ती अडवली नाही.

"कलम वाचलं मी, साहेब. माझी आई दूध इकत न्हाय. दुधाच्या धंद्यात दुसरंच कुणीतरी हाय. दोन टँकर हायत. त्यांचं हमीपत्र घेतलं का?"

मॅडमच्या हातातलं पेन थांबलं. साहेब ओरडले, "बाहेर हो!"

"व्हते. आदी ह्या अर्जाची पोच द्या."

मी माझा अर्ज लिहून नेला होता. 'मी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर मासे विकते आणि विकणार आहे. हे करारातल्या कोणत्या कलमाविरुद्ध आहे ते लेखी कळवावे.' मॅडमनी त्याच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. मान वर न करता.

लेखी काहीही आलं नाही. दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेतून काढून क्रेट धुवायला लावलं. दिवसभर पाय पाण्यात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. मी कामगार कार्यालयात तक्रार टाकली. मग साहेबांचा निरोप आला, राजीनामा दे, अनुभवाचा चांगला दाखला देतो.

राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, पण कारण लिहून काढावं. मासे विकणाऱ्या बाईची मुलगी आहे म्हणून काढली, असं लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी. तेवढी हिंमत त्यांना होईपर्यंत मी रोज सकाळी हजेरी लावणार आहे.