चौकातला वाघोबा

शाळेच्या कॅडेट बँडला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार आणि जुन्या वादकांनी मिरवणुकीत वाजवायला यायचं, असा निरोप आला तेव्हा ढमीच्या हातात इस्त्री होती आणि इस्त्रीखाली हॉटेलची पांढरीशुभ्र चादर. निरोप वाचून ती जागीच अशी खिळली की चादरीवर खरपूस त्रिकोण उमटला. लॉन्ड्रीतल्या बायकांना वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. तिने सांगितलं, मला ढोल वाजवायचाय. मग बायकांना वाटलं, हिच्याच डोक्यात उष्णता चढली.

त्यांना ती नुसती मावशी म्हणून ठाऊक. ढमी हे नाव शाळेतलं, बँडमधल्या मोठ्या ढोलावरून पडलेलं. तो ढोल मुळात एका सर्कशीचा. सर्कस बुडाली तेव्हा शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी तिची सगळी वाद्यं मिळेल त्या भावात उचलून आणली आणि कॅडेटच्या हाती दिली. ढोलावर वाघ रंगवलेला होता. पुढे कितीदा रंग चढवला तरी वाघाचे डोळे आतून दिसतच राहिले, म्हणून ढोलाचं नाव वाघोबा. वाघोबा फक्त मुलांचा. मुलींनी बासरी वाजवायची आणि गप्प बसायचं. पण ढमीच्या वेळी ढोलवाल्या मुलाला ऐन संचलनाच्या आठवड्यात गालगुंड झालं आणि वर्गातल्या सगळ्यात दणकट मुलीच्या गळ्यात पट्टा पडला. तो मग शाळा सुटेपर्यंत निघाला नाही.

त्यानंतर लग्न, मुली, लॉन्ड्री. ढोलाला हात म्हणून लागला नव्हता.

त्या संध्याकाळपासून घरात धुमाकूळ सुरू झाला. ढमीने बादली पालथी घातली, दोन लाटणी घेतली आणि भिंतीवरचे फोटो हलायला लागले. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, शब्द मोजून खर्च करणारा माणूस. त्याने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाला, "पळतेयस."

"आनंदाने पळतेय," ती म्हणाली.

"आनंद मनात ठेव. हात सावकाश चालव."

ते तिला पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो समोर बसून पायाने ताल धरायला लागला. धाकटी मुलगी म्हणाली, एवढी वर्षं मी तुम्हा दोघांना एकत्र काही करताना पाहिलंच नव्हतं.

सरावाला शाळेच्या मैदानावर गेली तर सगळी जत्राच. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, चष्मे लावलेले जुने कॅडेट आणि त्यांच्याकडे जरा दयेने बघणारी आताची मुलं. तिच्या वेळी बिगुल वाजवणारा बिगुल्या भेटला. बँकेतून निवृत्त झालेला, पुढचे दात कवळीचे. जोरात फुंकलं की कवळी बाहेर उडी मारते, या काळजीने त्याची झोप उडाली होती. आताचे बँडसर तरुण, शिस्तीचे. ढमीने वाघोबा मागितला तेव्हा त्यांनी वजनाबद्दल हलकेच शंका काढली. ती म्हणाली, "सर, ओल्या चादरींचे गठ्ठे रोज उचलते. हा तर कोरडा आहे." पट्टा खांद्यावर आला आणि तिला हसू आवरेना.

बँडसरांनी सगळ्यांना दोन गोष्टी बजावल्या. पहिली जुनीच होती. काहीही होवो, सुरू केलेली धून मध्येच थांबवायची नाही. दुसरी नवी. चौकातून सरळ मोठ्या रस्त्याने शाळेच्या मैदानावर जायचं. पूर्वी बँड डावीकडच्या गल्लीत वळून तिथे पोहोचायचा, कारण वाघोबाचं कातडं एकदा फाटलं तेव्हा त्या गल्लीतल्या कारागिराने ते एक पैसा न घेता चढवून दिलं होतं. दरवर्षी त्याच्या दारावरून वाजवत जायचं, हे त्याचे आभार. पण गल्ली अरुंद, म्हणून अलीकडे रस्ता बदलला होता. जुन्यांनी माना डोलावल्या.

मिरवणुकीच्या दिवशी पुढे आताची मुलं, मधे वाघोबा घेऊन ढमी, मागे जुनी फौज. पहिला ठोका पडला. खिडक्या उघडल्या, लोक धावत बाहेर आले. हॉटेलच्या दारात लॉन्ड्रीच्या बायका हात हलवत उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडली असती.

चौक आला. मुलं सरळ गेली. ढमीही निघाली होती, तेवढ्यात मागचा बिगुल डाव्या कानाला ऐकू यायला लागला. तिने मान वळवली तर बिगुल्या ऐटीत गल्लीत शिरलेला आणि त्याच्यामागे सगळी जुनी मंडळी. डोक्याने ऐकलेलं पायांपर्यंत पोहोचलंच नव्हतं.

आता? मुलांमागे गेलं तर म्हाताऱ्यांचा ताल सुटणार. गल्लीत वळलं तर मुलांचा. आणि थांबायचं तर मुळीच नाही. ढमी चौकाच्या मधोमध उभी राहिली, जागच्या जागी पावलं टाकत, आणि तिने वाघोबाला असा दणका दिला की कबुतरं उडाली. वाहतूक पोलीस हात वर करून धावत आला, तिचा चेहरा बघितला आणि निमूट चारी बाजूंची वाहनं अडवून उभा राहिला. एकानेही हॉर्न वाजवला नाही.

दोन्हीकडचे सूर लांब जात होते. खांदा पेटला होता, घाम डोळ्यांत उतरत होता. नवऱ्याचा पाय नजरेसमोर आणून ती सावकाश, एकसारखी वाजवत राहिली. मग घरांपलीकडच्या मैदानावरून एकच धून उठली. फाटलेली नाही, विस्कटलेली नाही, एकच. दोन तुकड्या दोन फाटकांतून एकाच पावलावर आत शिरल्या होत्या. टाळ्यांचा कडकडाट चौकापर्यंत आला. पोलिसानेही टाळी वाजवली.

"ताई, आता तुम्ही कुठून जाणार?" त्याने विचारलं.

"गल्लीतून," ढमी म्हणाली, आणि एकटीच वाजवत निघाली. कारागिराची नात दारात उभी होती. तिच्यासमोर ढमीने वाघोबा जरा उंच धरला.

मैदानावर बँडसर लालबुंद होऊन उभे होते. ते ओरडणार अशी तिने मनाची तयारी केली. त्यांनी पट्टा उतरवायला हात लावला आणि विचारलं, "पुढच्या वर्षी चौकात उभ्या राहाल ना?" बिगुल्या शेजारीच होता, कवळी खिशात घालून. मी मुद्दामच वळलो, असं तो तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

तेव्हापासून बँड दरवर्षी चौकात दुभंगतो आणि मैदानावर जुळतो. लोक ते बघायला तासभर आधी येऊन जागा धरतात. गेल्या वर्षी ढमीने वाघोबा आठवीतल्या एका मुलीच्या गळ्यात अडकवला आणि स्वतः नवऱ्याबरोबर गर्दीत उभी राहिली. मुलगी जरा पळत होती. ढमी तिला खूण करणार होती, पण नवऱ्याने तिचा हात धरला. "राहू दे," तो म्हणाला, "आनंदात आहे ती."