वामनभाऊंची सिंगल बेल

अकोटच्या आमच्या गल्लीत वामनभाऊ गावंड्यांनी अंगणात शाळेची जुनी मिनीबस आणून उभी केली आणि तिच्या पोटात घर बांधायला घेतलं, तेव्हापासून लोकांना पेपर वाचायची गरज उरली नाही. अख्खी नोकरी एस.टी.त ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. रिटायर झाल्यावर लोक निदान काही दिवस तरी झोपा काढतात. हे म्हणाले, बायकोला समुद्र दाखवायचा. इथून थेट कन्याकुमारी आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं कोकणातून परत. मुक्काम गाडीत, स्वयंपाक गाडीत, आंघोळ जमली तर तीही गाडीत.

मी शेजारची शिलाईवाली, त्यामुळे पडदे आणि गाद्या माझ्या गळ्यात पडल्या. त्यापेक्षा जास्त पडलं ते भाऊंचं व्याख्यान. रोज संध्याकाळी मी टेपचं दुसरं टोक धरून उभी, आणि हे सांगत सुटलेले.

"मनकर्णा, प्रत्येक ड्रॉवरले कडी पायजे. एका खड्ड्यात डब्बा उघडला, त तिखट साऱ्या गाडीत!"

पलंगाखाली ज्वारीच्या पिठाची कोठी. तवा उभा राहावा म्हणून फळीला खाच. पाटा-वरवंटा न्यायचा की नाही यावरून नवराबायकोत चांगलीच जुंपली आणि शेवटी खलबत्त्यावर तडजोड झाली. पण सत्यभामावहिनींना मात्र आत पाऊल टाकायची बंदी. गाडी फलाटाला लागल्याशिवाय पॅसेंजर चढत नसतो, असं भाऊंचं म्हणणं. वहिनी दारातूनच चहाचा कप पुढे करायच्या आणि मान लांब करून जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यायच्या. समुद्र त्यांनी अजून पाहिला नव्हता. ओट्यावर बसून भाजी निवडतानासुद्धा मला विचारायच्या, "काहो, लाटेचा आवाज रात्रीही येत असन का?"

भाऊंचा खरा जीव होता तो वहिनींच्या खुर्चीत. पुढच्या-मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये, रुंद खिडकीपाशी, हात टेकायला दोन्हीकडे लाकूड.

"इथं धक्का कमी लागते. पोटुशी बाई चढली की मी कंडक्टरले सांगून तिथंच बसवत होतो."

गादीचं कापड त्यांनी मला इतक्यांदा बदलायला लावलं की दुकानदार माझ्याशी बोलेनासा झाला. पण त्या खुर्चीवर मी गादी बसवली, तेव्हा हा माणूस स्वतः बसून, हलून, डुलून बघत होता, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं.

पुढचा भाग मात्र बघण्यासारखा होता. ड्रायव्हरच्या पाठीमागे प्लायवूडची आडभिंत, तिला छोटीशी जाळी. शेजारच्या सीटच्या जागी पाण्याची टाकी. "माझं वजन उजवीकडं, त पानी डावीकडं," असा हिशेब. भंगारातून आणलेली घंटी डोक्यावर आणि तिची दोरी छतावरून थेट वहिनींच्या खुर्चीपर्यंत. शिवाय खास रंगवून आणलेली पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

"भाऊ, घरच्या बायकोसाठी पाटी?"

"नियम हाय."

निघायच्या सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, अख्खी गल्ली जमली. वहिनी आत चढल्या. ड्रॉवर उघडून पाहिले, खाचेतल्या तव्यावरून हात फिरवला, हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि समोरच्या आडभिंतीकडे बघतच राहिल्या.

भाऊंनी इंजिन सुरू केलं. नजर समोर. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

टिण.

एक बेल म्हणजे थांबा. गाडी तर उभीच होती. भाऊंनी वाट पाहिली.

टिण.

गल्ली खिदळायला लागली. भाऊ उतरून खिडकीपाशी आले. "दोनदा ओढ ना! एक म्हंजे थांबा."

"मले मालूम हाय."

"मंग काहून?"

वहिनींनी दोरी सोडली नाही. "तुमच्याच गाडीनं मी माहेरी तेल्हाऱ्याले जात होती. तवाही तुमी मांगं पायलं नाई, बोलले बी नाई. जलमभर तुमची मानच पायली मी. आता समुद्रापर्यंत बी मानच पाहू काय? मी नाई येत."

"पुढं धक्के लागतात," भाऊ हळूच म्हणाले.

"लागू द्या."

भाऊंनी गल्लीकडे वळून जाहीर केलं, "आजची गाडी रद्द." वहिनी उतरल्या, घरात गेल्या आणि धुणं भिजत घातलं. सहल संपली असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मला त्या माणसाचा असा राग आला, की उरलेलं कापड त्याच्या अंगणात नेऊन टाकावं.

नेऊन टाकायला गेले, तर भाऊ पान्हा घेऊन आडवे झालेले. आडभिंत निघाली होती. टाकी पलंगाखाली सरकत होती आणि पिठाची कोठी अंगणात येऊन पडली होती. गाडीची मूळची डावी सीट गोठ्यातून निघाली. तिच्यावर कोंबडी बसायची. मी ती घासली आणि खुर्चीवरची गादी उसवून तिच्या मापात बसवली. पाटीचं काय करायचं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "कोठीले झाकन नाई." कोठी पाटीच्या झाकणासकट पुन्हा गाडीत, मागच्या खुर्चीखाली गेली.

दुसऱ्या सकाळी वहिनी पुढे बसल्या. मलाही बहिणीकडे जायचं होतं म्हणून गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत मागच्या खुर्चीत बसवलं. धक्का खरंच लागत नव्हता. दोरी आता वहिनींच्या हाताशी आणून बांधली होती.

टिण टिण. गाडी निघाली.

गाव सुटलं, दोन्ही बाजूंना कपाशी लागली, आणि घंटी एकदाच वाजली. भाऊंनी ब्रेक लावला.

"काय झालं? इथं थांबा नाई."

"काई नाई. तुमी थांबता का, ते पाहून राहिली."

आरशात नाही, जाळीतून नाही. स्टेअरिंगवर हात तसेच ठेवून वामनभाऊंनी सबंध मान वळवली आणि बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मागे एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, तरी वहिनींनी डबल बेल दिली नाही.