सेकंडच्या पट्ट्या

मरोळच्या गावठाणात फॅक्टरीतून रिकाम्या हाताने घरी येणाऱ्या माणसाला फारसा मान नाही. बिस्किटवाला तुटकी बिस्किटं आणतो, बनियनवाला उसवलेली बनियनं आणतो आणि ‘सेकंडचा माल’ म्हणून आळीभर वाटतो. गिल्बर्टची मात्र बरीच वर्षं पंचाईत होती. तो लग्नपत्रिका छापायचा, आणि दुसऱ्याच्या लग्नाची चुकलेली पत्रिका फुकट दिली तरी कोण घेणार? पुढे तो एमआयडीसीत, साखर तपासायच्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत लागला, तेव्हा कुठे त्याचं नशीब उघडलं.

काम तेच, छपाईच्या जाळीवरून, म्हणजे स्क्रीनवरून, शाई ओढायची. कागदाऐवजी प्लास्टिक, आणि सोनेरी शाईऐवजी काळी, कार्बनची. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की त्यातल्या साखरेमुळे बारीकसा करंट तयार होतो, तो कार्बनच्या रेघांतून मशीनमध्ये जातो आणि मशीन आकडा दाखवतं. एवढं कळल्याबरोबर गिल्बर्टने आपण ‘सेन्सर इंजिनियर’ असल्याचं जाहीर केलं. चर्चमध्येही तो हळूहळू पुढच्या बाकावर सरकला.

डिसेंबरात इंजिनियरसाहेबांना नाताळच्या नाटकाच्या तालमीची घाई झाली. शाई सुकवायच्या भट्टीचा पट्टा त्यांनी जोरात पळवला आणि वेळेच्या आधी काम उरकलं. कार्बन अर्धाकच्चा राहिला. अशा कार्बनमधून करंट धड जात नाही, त्यामुळे तपासणीत त्या पट्ट्यांनी साखर जवळजवळ निम्मीच दाखवली. सगळा माल भंगारात गेला, आणि भंगारातून एक भलामोठा खोका गिल्बर्टच्या पिशवीत गेला. पट्ट्या थोडं मागेपुढे दाखवणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. माणूस समजूतदार असल्यामुळे त्याला ते लगेच पटलं.

घरी येऊन त्याने बोट टोचलं. एरवी तीनशेच्या घरात रेंगाळणारी साखर दीडशेवर आली होती. त्याची बायको कॉन्सेप्टा, तिलाही डायबिटिस. तिचीही तशीच उतरली.

“सेकंडच्या आहेत ना या?” तिने विचारलं.

“अगो, छपाईत जरा डाग आहे. आकडा एकदम फर्स्ट क्लास,” गिल्बर्टने छाती पुढे काढली. “मी बनवलेल्या आहेत, मला माहीत नाही?”

तिने विश्वास ठेवला. त्या नाताळात घरात पुन्हा न्यूऱ्या, म्हणजे गोड करंज्या, तळल्या गेल्या, कारल्याच्या रसाची बाटली मोरीत ओतली गेली. बातमी आळीत पसरली. संध्याकाळी गिल्बर्टच्या ओट्यावर माणसं बोटं पुढे करून बसू लागली. आपला आकडा ऐकून खूश होऊन समोरच्या दुकानातून जिलबी घेऊन जाऊ लागली. शेजारचा गुणाजी तर रोज यायचा. “दवाखान्यातली पट्टी भिववता रे माका,” तो म्हणायचा. “तुझी बरी!”

लोकांची साखर छापून कमी करणारा असा इंजिनियर आजवर कुणी पाहिला नव्हता. खुद्द इंजिनियरनेही आपण काय केलंय ते नीट पाहिलं नव्हतं, कारण पाहायचंच नव्हतं.

फेब्रुवारीत नव्या चपलेने कॉन्सेप्टाच्या पायाचा अंगठा चावला. जखम बारीक होती, पण भरेना. तिने डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की गिल्बर्ट पट्टी काढायचा. “साखर कुठे वाढलीय? मग सुकेल की आपोआप.” अंगठा काळपट पडला, तेव्हा भाचीने, ॲनेटने, मावशीला जबरदस्तीने रिक्षात घातलं. हॉस्पिटलात खरी साखर निघाली चारशेच्या जवळ. दुसऱ्या दिवशी अंगठा कापला.

बाहेरच्या बाकावर गिल्बर्ट घामाने भिजला होता. बायको मरेल, या विचाराने तो आयुष्यात पहिल्यांदा खरंच घाबरला. ती शुद्धीवर आल्यावर त्याने तिला सगळं सांगून टाकलं, भट्टी, तालीम, भंगार. कॉन्सेप्टाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

गिल्बर्टने खोका कचऱ्यात टाकला आणि ओट्यावर येणाऱ्या एकेकाला सांगितलं, पट्ट्या खोट्या होत्या, डॉक्टरकडे जा. आळी भयंकर चिडली. खोट्या दिल्या म्हणून चिडले ते दोघेतिघेच. बाकीचे चिडले ते टाकून दिल्या म्हणून. गुणाजीने तर हळूच विचारलं, “माझ्यापुरत्यो थोड्यो तरी ठेवलंस मां?”

आता घरात दुकानातून आणलेली, खऱ्या पट्ट्यांची सीलबंद डबी होती. कॉन्सेप्टा खुर्चीत, बँडेजचा पाय स्टुलावर. तिची साखर बरीच खाली आली होती. तिने सुई नवऱ्यापुढे धरली. “आता तुझं बोट आण.”

गिल्बर्टने डोळे मिटून टोचून घेतलं. मशीनने पाच सेकंद विचार केला आणि आकडा दाखवला, तीनशे अठरा.

गिल्बर्टने मशीन उलटसुलट केलं. पट्टी उजेडात धरून कार्बनच्या रेघा जाणकारासारख्या न्याहाळल्या.

“या कंपनीच्या पट्ट्या ना,” तो म्हणाला, “जरा जास्तच दाखवतात.”

कॉन्सेप्टाने त्याच्याकडे पाहिलं.

“असं होय,” ती म्हणाली. “म्हणजे माझा अंगठा उगाच कापला, म्हण की.”