पिंपरीला जायचा कौल

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि नवऱ्याशी पोटभर बोलणं अजून व्हायचंच होतं. हसू नका, खरं तेच सांगते. हे पिंपरीला औषधाच्या नव्या कारखान्यात लागलेले आणि मी कुरुळीला सासरी. सुट्टी आली की हे सायकल हाणत घामाघूम होऊन यायचे, ते आधी ओसरीवर वडिलांजवळ, मग शेजारी चुलत्याकडं, मग चुलीपुढं आईजवळ. माझा नंबर लागायचा गोठ्यात, म्हशीची धार काढताना. म्हशीच्या अलीकडं मी, पलीकडं हे. एकदा ह्यांनी काहीतरी चावटपणा केला, मी खिदळले, म्हैस बुजली आणि भरलेली चरवी आडवी झाली. "दुदाचं काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. "म्हशीनं लाथ मारली," मी म्हटलं. त्या बिचारीच्या नावावर मी त्या दोन वर्षांत काय काय खपवलंय!

मला हसू फार. अजूनही आहे. मयताला जायचं असलं तर मी आधी घरी हसून घेते, नाहीतर तिथं पंचाईत.

तर एका सुट्टीला हे म्हशीच्या पोटाखालून डोकावून म्हणाले, "खोली मिळाली."

"कुठं?"

"पिंपरीत. एका शेतकऱ्यानं शेळ्यांच्या गोठ्यात मधी भिंती घालून खोल्या काढल्यात. आमच्या कारखान्यातली मानसं बिऱ्हाडं आनायला लागली. वर पत्रा हाय, खिडकी हाय, बटन दाबलं की दिवा."

"आन शेळ्या?"

"इकल्या. वास हाय जरा. पर पुढच्या सुट्टीला दिवस मावळायच्या आत हो-न्हाई सांगायचंय. न्हाईतर कुनी कोकणातला टपून बसलाय, त्याला देनार."

मला ती खोली हवी होती. शेळ्यांच्या वासासकट हवी होती. बटणाचा दिवा, नळ, पिठाची गिरणी, ते सगळं मागाहून. आधी मला दार लावून घेऊन नवऱ्याशी मोठ्या आवाजात बोलायचं होतं. भांडायचं झालं तर भांडायचंसुद्धा होतं. कुजबुजत कुठं भांडता येतं का हो?

पण आमच्याकडची रीत अशी की पुरुषानं बाहेर कमवावं आणि बायकोनं घरी राहावं. सून नवऱ्याबरोबर बिऱ्हाड करायला निघाली म्हणजे घर फुटलंच म्हणायचं. त्या रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी ओसरीवर विषय काढला, आणि काय सांगू! मी दाराआड उभी, तोंडात पदराचा बोळा.

पिंपरी तेव्हा काही मोठं शहर लागून गेलं नव्हतं. कारखाना, स्टेशन, निर्वासितांची छावणी आणि बाजार, बाकी सगळी शेतंच. पण कुरुळीच्या ओसरीवर बसून बघितलं तर ती विलायत होती.

"मानसानं कामाला जावं," मामंजी म्हणाले. "ऱ्हायाला कशापायी? ऱ्हायाला गाव हाय की."

चुलत सासरे एकदा पिंपरीला कांदा विकायला गेले होते, त्यामुळं त्यांना सगळं माहीत. ते म्हणाले, "तिथं हवेतच औषध आसतंय. आजारी मानसानं नुसतं हुंगलं तरी बरा हुतो."

"मग चांगलंच की," हे म्हणाले.

"पर बऱ्या मानसानं हुंगलं तर?"

मामंजींनी गंभीरपणे मान हलवली.

शेजारची म्हातारी कुणी न बोलवता येऊन बसली होती. तिचा वेगळाच घोर. "भित्तीला भित्त लागून परका मानूस. त्यो रातच्याला घोराय लागला तर कुनाच्या बाला सांगायचं?"

"तिकडं शेजारी कोन हाय त्येबी कळत न्हाई म्हनं," चुलत सासरे म्हणाले.

"आन हितं काय कमी कळतंय?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. हितं मी शिंकले तरी वेशीपर्यंत कळायचं. पदराचा बोळा आणखी आत सारला.

"मला खानावळीचं सोसंना," ह्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "पोट बिघडतंय."

"मग पिंपरीची हवा हुंग," चुलत सासरे म्हणाले, आणि सगळी ओसरी फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी रडूही. आपला जीव टांगणीला लागलेला आणि लोकांना करमणूक!

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बोलणं कमी, आवाज खणखणीत. त्या सूप बाजूला सारून म्हणाल्या, "आईला इचारू. कौल लावू. ती सांगंल तसं."

आई म्हणजे आमच्या शिवेवरची देवी, शेंदूर फासलेली शिळा आणि चांदीचे डोळे. तिच्या दोन्ही खांद्यांवर गुरव शेवंतीची एकेक ओली कळी चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि आमची आई डावा कौल द्यायची म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. विहीर खणू का? डावा. म्हैस घेऊ का? डावा. आत्याबाईंना हे ठाऊक नव्हतं असं थोडंच! सासूबाईंनी सरळ नाही म्हणायच्या ऐवजी देवीच्या तोंडून नाही म्हणायचं ठरवलंय, असं मी धरून चालले. आठवडाभर भाकऱ्या थापताना मी त्यांच्यावर मनातल्या मनात इतकी चरफडले की भाकऱ्याही करपल्या.

पुढच्या सुट्टीला सकाळी कौल. हे पहाटे अंधारातच पिंपरीहून निघून आले, आणि घरी न येता परस्पर देवळात गेले. देवीला खूश करायचं म्हणून छावणीच्या बाजारातून मधाची बाटली घेतली होती. दूध, दही, गूळ आणि तो अख्खा मध असं पंचामृत करून ह्या शहाण्यानं गुरव यायच्या आत आईला न्हाऊ घातलं. वरून पाणी? अहो, पाणी घातलं तर पंचामृत वाहून जाईल ना! ही ह्यांची अक्कल.

आम्ही गेलो तोवर निम्मं गाव देवळाशी जमलं होतं. गुरवानं कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "आई, तुझ्या लेकराची अस्तुरी पिंपरीला धाडायची का न्हाई, उजवा-डावा काय त्यो दे." घंटा वाजली. सगळे डोळे कळ्यांवर.

कळ्या हलेनात.

एरवी आई फटकन डावं देऊन मोकळी व्हायची. आज दिवस डोक्यावरून कलला तरी कळ्या जागच्या जागी. कुणी खोकलं तरी सगळे "हां, हां, हालली!" म्हणून पुढं सरकायचे. "आईला इचार पडलाय," शेजारची म्हातारी म्हणाली. "आईनं पिंपरी बघितली न्हाई, तिला कसं ठरवाया येनार?" कुणीतरी म्हणालं. ह्यांचं सगळं लक्ष बाहेर सूर्याकडं. मावळायच्या आत पिंपरी गाठायची होती, आणि मोशीपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

तेवढ्यात माशी आली. पहिली एक, मग चार, मग सगळ्या कुरुळीच्या माश्यांना आमंत्रण गेल्यासारख्या. एक लठ्ठ माशी डाव्या कळीवर बसली आणि पाय चोळायला लागली. मी मनात म्हटलं, बाई गं, ऊठ. तुला काय पायजेल ते देते, पर ऊठ. ती उठली ती उजव्या कळीवर गेली. उड्या मार! नाच जरा! नाही, तिथंही पाय चोळणं सुरू.

गुरव माश्या वारायला पुढं झाला, त्याचं बोट शिळेला लागलं, चिकटलं, आणि सवयीनं त्यानं ते तोंडात घातलं. "ग्वाड हाय!" तो ओरडला. "आईला मध कुनी चोपडला?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. हे खाली बघायला लागले, कान लालभडक. मग मात्र माझं हसू सुटलं. दाबलं, तर नाकातून आलं. देवीपुढं, कौल लागलेला असताना, आपलं सगळं नशीब दोन कळ्यांवर चिकटलेलं असताना मी हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि थांबता येत नव्हतं. बायका पुटपुटल्या. मामंजींनी डोळे वटारले. मला वाटलं, संपलं. आता आईनं उजवा दिला तरी ही माणसं मला गोठ्याबाहेर सोडणार नाहीत.

"पुसून परत लावा की," हे कसंबसं म्हणाले.

"लावलेला कौल काढता येत न्हाई," गुरव म्हणाला. "पडंल तवा पडंल. उद्या पडंल, न्हाईतर परवा."

उद्या! तो कोकणातला माणूस खोलीच्या दाराशी वळकटी घेऊन उभा असलेला मला डोळ्यांपुढं दिसायला लागला. माझं हसू तिथल्या तिथं रडण्यात गेलं. मोठ्यानं गेलं, लपवायचं भानसुद्धा राहिलं नाही.

तेव्हा आत्याबाई उठल्या. माझ्याकडं एकदा बघितलं, मग गुरवाला म्हणाल्या, "आईची वटी कुटं भरलीय? ती रुसली आसंल."

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. कुणीतरी धावत जाऊन खण-नारळ आणला. आत्याबाई शिळेपुढं गुडघ्यांवर बसल्या, हळदीकुंकू वाहिलं, नारळ दोन्ही हातांत धरून ओटी भरायला पुढं वाकल्या. मागच्यांना त्यांची पाठच दिसत होती. मी मात्र बाजूला, भिंतीला टेकून होते. त्यांचं कोपर आईच्या उजव्या खांद्यावरून असं काही गेलं, जसं तव्यावरची भाकरी उलटवताना जातं.

"उजवा!" गुरव किंचाळला. "आईनं उजवा दिला!"

एकच गलका झाला. घंटा बडवली गेली. ह्यांनी सायकलवर उडी टाकली ती एक चप्पल देवळापुढंच सोडून. "हो म्हनून सांगतो!" असं ओरडत ते नाशिक रस्त्याच्या धुळीत दिसेनासे झाले. चुलत सासरे ती चप्पल हातात धरून म्हणाले, "बघा, नुसतं पिंपरीचं नाव काढलं तर ही गत!" मी भिंतीला टेकून तशीच उभी होते. नजर आत्याबाईंच्या कोपरावर.

पुढच्या सुट्टीला बैलगाडी जुंपली. पेटी, तवा, पोळपाट, ज्वारीचं पोतं आणि मी. आत्याबाई पाया पडून घ्यायला थांबल्या असतील म्हणून मी वाकले, तर त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून सरळ गाडीत चढल्या.

"तू कुटं?" मामंजी ओरडले.

"पोरीची चूल मांडून देते आन येते."

"चूल मांडाया चार लुगडी लागत्यात व्हय?"

आत्याबाईंनी गाठोडं पोत्यामागं ढकललं. हे पुढं बैल हाकत होते, आम्ही दोघी मागं तोंड करून, पाय खाली सोडून बसलो होतो. मोशीला इंद्रायणी ओलांडली तसं मला राहवेना.

"आत्याबाई, त्या दिवशी तुमचं कोपर..."

"गप," त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडं बघत, "आईला काय ठावं पिंपरी? ती तरी कवा शिवंभाईर गेलीय?"

चाकांचा खडखडाट चालला होता, ह्यांना पुढं काही ऐकू जात नव्हतं.

"तुजा नवरा अंगावर पीत हुता तवाची गोष्ट," आत्याबाई म्हणाल्या. "तुज्या मामंजीला खडकीला काम लागलं हुतं. खोली बघितली, दोन भांडीबी घेतली. माज्या सासूनं कौल लावला. डावा पडला. ह्यांनी काम सोडलं आन नांगर धरला."

"तुमाला जायचं हुतं?"

"देवळात पाक खालच्या पायरीवर बसले हुते, ह्याला मांडीवर घिऊन. बाया वटी भरत हुत्या. येक उठली, दुसरी उठली. मला आपलं वाटायचं, कुनाचं तरी कोपर लागंल."

मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मागं वळून लेकाला असा आवाज दिला की बैलसुद्धा दचकले.

"आरं हाक की जोरात! पिंपरी काय आपल्याकडं चालत येनार हाय व्हय?"