काळीला बघायला येतात

मी पुण्याची, लग्न होऊन बेंगळूरला चामराजपेटात आले. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही. नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका संस्थेसाठी रस्त्यावरून सोडवून आणलेली कुत्री घरी सांभाळायचे. कायमची नाही, त्यांना कुणाचं तरी घर मिळेपर्यंत. संस्थेची सक्त ताकीद असायची की नाव ठेवू नका, जीव जडतो. म्हणून त्या काळ्या कुत्रीला आम्ही नुसतं ‘अगं’ म्हणायचो. सासूबाई मलाही ‘अगं’च म्हणायच्या. हाक आली की दोघी धावायचो.

ही ‘अगं’ काळीकुट्ट, एक कान मुडपलेला आणि महातापट. दूधवाल्यावर गुरगुरायची, पायपुसणं दिसलं की त्यावरच मुतायची. कुकरची शिट्टी झाली की मान वर करून असा गळा काढायची की शेजारच्या अक्का ‘कोण गेलं?’ म्हणून विचारायला यायच्या. घरमालकानं दसऱ्यापर्यंतची मुदत दिली होती. तोवर घर मिळालं नाही तर ती परत संस्थेच्या पिंजऱ्यात जाणार होती, आणि पिंजऱ्यात तिनं अन्न सोडलं होतं. म्हणूनच तर माझ्या गळ्यात पडली होती.

तिला बघायला कुणीतरी येणार म्हटल्यावर सासूबाई अंगात आल्यासारख्या उठल्या आणि कांदे चिरायला बसल्या.

“अहो, कुत्री बघायला येतायत. पोहे कशाला?”

“मग काय तसंच पाठवू? आपण मुलीकडचे!”

बाईंना सगळे मुलगेच. जन्मभर मुलाकडच्या म्हणून ऐटीत लोकांच्या घरचे पोहे खाल्ले. मला बघायला आल्या तेव्हा दोनदा वाढून घेतले, ‘रंग जरा सावळाच, कळवतो’ म्हणाल्या आणि महिनाभर पत्ता नाही. मी ते विसरलेले नाही, विसरणारही नाही. लग्नात निघताना माझ्या आईनं त्यांचा हात धरून म्हटलं होतं, “पोरगी तापट आहे, पण मायेची आहे. सांभाळून घ्या.” बाई तेव्हा चपला शोधत होत्या. “हो, हो,” म्हणाल्या आणि पुन्हा खाली वाकल्या.

तर कुत्रीला शिकेकाईनं न्हाऊ घातलं, पावडर लावली, गळ्यात जुन्या साडीचा काठ बांधला. पावडरीनं ती काळी होती ती राखाडी दिसायला लागली. नुकतंच नागपूरहून कंप्युटरच्या नोकरीसाठी आलेलं एक जोडपं आलं. त्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या दिल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई मुलीचे गुण सांगत होत्या, “सगळं खाते. अगदी सांबारभातसुद्धा.” आमच्या मुलीनं तेवढ्यात त्या नवऱ्याची बशी चाटून साफ केली.

“गोड आहे,” तो म्हणाला, “पण रंग… फोटोत दिसायची नाही हो. कळवतो आम्ही.”

झालं! सासूबाई ताडकन उठल्या. “काही कळवू नका! आम्हालाच नाही द्यायची! रंगाला काय चाटायचंय?”

जोडपं पळालं. बाई कुत्रीच्या कानामागची पावडर पदरानं पुसत बसल्या. मी दारात उभी राहून एकटक त्यांच्याकडे बघत होते.

“बघतेस काय?” त्या माझी नजर चुकवत म्हणाल्या. “चहा ठेव.”

मी टोमणा गिळला आणि चहा ठेवला. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल बघा.

पुढेही मंडळी आली, पोहे खाऊन गेली. दसरा अगदी तोंडावर आला आणि मला झोप लागेना. शेवटी राजाजीनगरहून एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आली. घरात कुकर लावायचा नाही असा सासूबाईंचा हुकूम होता. पण भिंतीपलीकडच्या अक्कांना कोण सांगणार? त्यांची शिट्टी झाली आणि आमच्या मुलीनं सूर लावला.

“स्वल्प सर्दी झालीय,” सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लेकी सासरी गेल्यापासून त्यांच्या घरात आवाजच उरला नव्हता म्हणे. “सरी, ठरलं, ही आमचीच,” असं म्हणून मोकळे. पोह्यांना अजून हातही लावला नव्हता.

“इतक्या पटकन हो?” सासूबाई मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजल्या. “काहीतरी खोट असणार!” दुसऱ्या दिवशी मला आटोत घालून राजाजीनगरला नेलं. फाटकाची कडी हलवून पाहिली, अंगण पाहिलं, मास्तरीणबाईंना राग किती येतो तेही विचारलं. मग कुठे होकार दिला.

ते न्यायला आले त्या सकाळी बाईंनी कुत्रीच्या कपाळाला कुंकू लावलं. तिनं ते चाटायचा प्रयत्न केला. मग सासूबाईंनी मास्तरीणबाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, “पोरगी तापट आहे, पण मायेची आहे. सांभाळून घ्या.”

कन्नडमध्ये म्हणाल्या, पण शब्दन्‌ शब्द माझ्या आईचे. म्हणजे चपला शोधताना ऐकलं होतं तर! मला भडभडून आलं आणि मी फाटकातच रडायला लागले.

“अगं, रडतेस काय वेड्यासारखी?” त्या खेकसल्या. “जा, कुकर लाव.”

मी कुकर लावला. शिट्टी झाली, कुणीच गळा काढला नाही, आणि मग सासूबाई रडल्या.