पंचफुलाबाई पाण्यात उतरतात

अकोल्याच्या जुन्या जलतरण तलावावर बायकांच्या बॅचचा दरारा पोहायला शिकवणाऱ्या रश्मीताईंचा नव्हता, पंचफुलाबाईंचा होता. कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्या खुर्ची टाकून बसत. हातात फरशी पुसायचा दांडा. "आंघोय केल्याबिगर पान्यात जाचं नाई," हे त्या डॉक्टरीणबाईंनाही ऐकवत आणि कॉलेजच्या मुलींनाही. मी जठारपेठेत राहते, शाळेत शिकवते; केसांना तेल दिसलं म्हणून त्यांनी मलाही एकदा आल्या पावली परत पाठवलं होतं.

त्या मूळच्या बाळापूरकडच्या. नवरा देवमन ऑटो चालवायचा, मुलगी माया लग्न होऊन अमरावतीला गेली होती, तिथंच नर्स होती. पंचफुलाबाईंची निम्मी हयात या तलावाच्या काठावर गेली होती.

तलावही आता थकला होता. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; त्या ओढाताणीत तलावाच्या भिंतींना तडे गेले होते. फरशा सुटून पायाला लागायच्या. रात्री भरलेलं पाणी सकाळी खाली गेलेलं असायचं. दरवर्षी डागडुजी व्हायची. शेवटी ठरलं, की हा उन्हाळा झाला की तलाव पाडायचा आणि त्याच जागी नवा बांधायचा.

त्या शेवटच्या मे महिन्यात एका संध्याकाळी रश्मीताईंनी सहज विचारलं, "पंचफुलाबाई, तुम्हाला पोहता येतं का हो?"

"मले? मी तं कधी पायाचा अंगठाबी नाई बुडवला."

"का बरं?"

बाईंनी जरा विचार केला. "मले कोनं म्हनलंच नाई, उतर म्हनून."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आमच्या बॅचमधल्या आकांक्षानं दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा पोहण्याचा पोशाख आणला. पंचफुलाबाई तो घालायला खोलीत गेल्या त्या बाहेरच येईनात. आतून आवाज आला, "हे घालून बाहेर येऊ? मायाचा बाबा पाहीन तं ऑटो सोडून पयून जाईन!" आम्ही हसलो, त्याही हसल्या, आणि हसता हसताच दार उघडून आल्या.

पहिल्या दिवशी रश्मीताईंनी त्यांना उथळ बाजूला पाठीवर झोपवलं, खाली हात धरला. बाईंचं अंग लाकडासारखं ताठ. मग हळूहळू खांदे सैल पडले, कान पाण्याखाली गेले. आम्ही कडेला उभ्या होतो, पण त्यांना आमचं काही ऐकू येत नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा बराच वेळ टॉवेल गुंडाळून बसून राहिल्या. मग उठल्या आणि रोजच्यासारखी फरशी पुसायला लागल्या.

तलाव बंद झाला तेव्हा त्यांना जेमतेम चार हात मारता येत होते. पाऊस लागायच्या आधीच पोकलेन आलं. बाईंची बदली एका बागेत झाली, रश्मीताई शहराबाहेरच्या क्लबात शिकवायला गेल्या. एकदा बागेत भेटल्या तेव्हा पंचफुलाबाई म्हणाल्या, "मी मधातच राह्यली, बाई. ना कोरडी ना वली."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी रजा टाकली आणि मायाकडे अमरावतीला गेल्या. तिथल्या तलावावर बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. मायाला ते पटेना. "आई, आराम कराले आलीस ना? या वयात लोक पाहून काय म्हनतीन?" बाई ऐकून घ्यायच्या आणि सकाळी पिशवी घेऊन निघायच्या. एके दिवशी ड्यूटी संपवून माया त्यांना घ्यायला तलावावर गेली. तिला आई दिसेना. मग पाण्यात लांबवर एक डोकं दिसलं, मान जरा जास्तच वर काढलेलं, सावकाश या टोकाकडे येणारं. मायानं नंतर अकोल्याला आल्यावर मला सांगितलं, "माझी आई इतकी एकटी, इतकी निवांत मी कधी पाह्यलीच नव्हती."

इकडे नव्या तलावाला वेळ लागला. काळी माती खोलवर काढून मुरूम भरावा लागला. तो खुला झाला तोवर पंचफुलाबाई निवृत्त झाल्या होत्या. तलाव देखणा झाला होता. वर छत, स्वच्छ निळं पाणी, शर्यतींसाठी आखलेले पट्टे. पण त्याला उथळ बाजूच नव्हती. सगळीकडे डोक्याच्या वर पाणी. आमची जुनी बॅच हौसेनं गेली आणि काठालाच धरून राहिली. माझ्या शेजारी राहणाऱ्या, जुन्या तलावात उथळ बाजूलाच डुंबणाऱ्या सुभद्राकाकू म्हणाल्या, "इथं पाय टेकत नाई. मी नाई बा उतरत." एकेक करून बायका येईनाशा झाल्या. मग फलक लागला, की संख्या वाढली नाही तर बायकांची वेगळी वेळ बंद होईल.

ते कळल्यावर पंचफुलाबाई आल्या. काळा पोशाख, डोक्याला टोपी. सुभद्राकाकूंनी विचारलं, "तुमी पुन्हा कामावर?"

"नाई, मी पोहाले आली."

त्या शिडीनं उतरल्या, काठ सोडला आणि निघाल्या. पलीकडे जाऊन त्यांनी दम घेतला आणि परत आल्या. मग सुभद्राकाकूंच्या समोर पाण्यात हलत राहत म्हणाल्या, "पाय टेकवाचेच नाई, तं खोल किती हाये त्याचं काय करता? या. मी हाओ इथं."

नव्या तलावावर परत शिकवायला आलेल्या रश्मीताई बाजूला होत्याच. आधी मी उतरले, मग आणखी दोघी. काकूंनी त्या दिवशी फक्त शिडीवर बसून पाय भिजवले. पंचफुलाबाई रोज येत राहिल्या, काकूही येत राहिल्या, आणि बायका बायकांना बोलावत बॅच भरत गेली. फलक कधी काढला ते आमच्या लक्षातही आलं नाही.

काकूंनी काठ सोडला तो पावसाळा तोंडावर आल्यावर. पंचफुलाबाईंनी हनुवटीखाली दिलेला हात अलगद काढून घेतला, तरी काकू पुढे जात राहिल्या. शिडीपाशी पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं आणि धापा टाकत विचारलं, "हात कवा सोडला व तुमी?"

"मंगाशीच," पंचफुलाबाई म्हणाल्या. "चाला, अजून एक चक्कर."