आर्मंडचा फळा

आमच्या गावाचं दुर्दैव असं, की ते बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या बरोबर मधोमध आहे. त्यामुळे बेसबॉलवरून इथे सख्खे भाऊ एकमेकांशी अबोला धरतात. आर्मंड पेल्टिअरच्या सलूनमध्ये मात्र दोन्ही पक्षांची सोय होती. खिडकीजवळच्या खुर्चीवर आर्मंड बॉस्टनवाल्यांचे केस कापायचा, आतल्या अंधाऱ्या खुर्चीवर स्टॅन वॉयचिक न्यूयॉर्कवाल्यांचे. एकतीस वर्षं दोघं एकमेकांकडे पाठ करून भांडत आले. मी बॉस्टनवाला, पण हात स्टॅनचाच हलका, हे कुठे बोललो नाही.

नोव्हेंबरात हंगाम संपला, की आर्मंड फळा टांगायचा. दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूपुढे तो लिहायचा, संघात राहणार किंवा जाणार. शेजारी स्टॅन आपला अंदाज लिहायचा. फेब्रुवारीत सराव सुरू झाला, की ज्याचे अंदाज जास्त बरोबर, त्याला वर्षभर खिडकीची खुर्ची. आर्मंड कधी हरला नव्हता. त्यासाठी तो जीव तोडून विचार करायचा. न्यूयॉर्कच्या एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, काय होणार या विचारात त्याने एकदा माझा एक कल्ला पार उडवला होता आणि दुसरा तसाच ठेवला होता.

यंदा स्टॅनच्या गुडघ्याने दगा दिला. फ्लोरिडातली त्याची मुलगी रेनाटा रोज फोन करून म्हणायची, पुरे झालं, इकडे उन्हात या. फळ्याचा निकाल लागला की ठरवतो, असं स्टॅनने सगळ्यांसमोर सांगितलं. आर्मंड म्हणाला, खुशाल जा, जागा तरी मोकळी होईल. तेव्हा त्याचा वस्तरा माझ्या मानेवर होता, आणि मला तो लागला.

त्या आठवड्यात फळा वाचून मी हबकलो. न्यूयॉर्कच्या शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्याने नुकताच सात वर्षांचा करार केला होता. आर्मंडने त्याच्यापुढे लिहिलं होतं, जाणार. बॉस्टनच्या ज्या कॅचरने निवृत्तीचा केक कापला, तो म्हणे राहणार. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का?

"मला जसं दिसतं, तसं मी लिहितो," तो म्हणाला आणि त्याने माझ्या तोंडाला फेस फासून मला गप्प केलं.

फेब्रुवारीत मोजणी झाली. आर्मंडचे एकोणीस अंदाज चुकले, स्टॅनचे सहा. सगळं दुकान स्टॅनकडे बघत राहिलं. तो लंगडत खिडकीपाशी गेला, खुर्चीवर बसला, त्याने बाहेरचा बर्फ बघितला आणि वस्तऱ्याला धार लावायच्या कातडी पट्ट्यावरून हात फिरवला. आर्मंड उगाच कंगवे धूत होता.

"गाढवा," स्टॅन म्हणाला, "इतकं चुकायला तुला रात्रंदिवस अभ्यास करावा लागला असेल."

"नशीब फिरलं माझं," आर्मंड म्हणाला. त्याने वर बघितलं नाही.

स्टॅन थोडा वेळ गुडघा चोळत बसला. मग उठून आपल्या जुन्या अंधाऱ्या खुर्चीकडे गेला आणि मला बसायची खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा मी उघडपणे न्यूयॉर्कच्या खुर्चीत बसलो.

"खिडकीतून गार वारा येतो," माझ्या गळ्याभोवती कापड बांधत तो आर्मंडला म्हणाला. "खुर्ची माझीच आहे, पण यंदा तू बस. पुढच्या वर्षी मी बसेन."